गल्लीला शोभणारी दुकानं

८ जानेवारी

प्रिय बारके,

परवा फोनवर मी "सगळं मजेत" म्हणाले ते साफ खोटं होतं. तुझा दादा शेजारीच बसून कुबडीच्या टोकाला रबरी बूच ठोकत होता, मग मी दुसरं काय बोलणार? दिवसभर दुकानात आम्ही दोघं, संध्याकाळी घरात आम्ही दोघं. मला एकटीला बोलायला जागाच नाही. म्हणून कागद घेऊन बसले. तू हसशील, की आता पत्रं कोण लिहितं. पण पत्राचं एक बरं असतं, मध्येच कुणी "कोणाचा फोन?" असं विचारत नाही. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. टपाल येतं तेव्हा तो माल आणायला गेलेला असतो.

तर झालंय असं. आपली दुकानांची ओळ गेली काही वर्षं छतातून गळते आहे. आता ती अख्खी पाडून नव्याने बांधायची ठरली. गाळे वसाहतीच्या मालकीचे, त्यामुळे नव्या ओळीत कोणाला परत घ्यायचं आणि कोणाला निरोप द्यायचा हे रहिवासी ठरवणार. फेब्रुवारीच्या शेवटी सर्वसाधारण सभा आहे. म्हणजे बाबांच्या वेळेपासून ज्यांच्या घरी आपण व्हीलचेअर, वॉकर, काठ्या, पाठीचे पट्टे पोचवले, तेच लोक आता हात वर करून आपला निकाल लावणार.

काल गच्चीवर त्याची पहिली चर्चा झाली. काय सांगू तुला, जो तो नाकाने कांदे सोलत होता. एकाला कॉफीचं दुकान हवं, एकीला फुलांचं. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ उठून म्हणाले, "पुस्तकांचं दुकान पाहिजे. त्याशिवाय वस्तीला वस्ती म्हणत नाहीत."

"तुम्ही शेवटचं पुस्तक कधी विकत घेतलंत?" कुणीतरी मागून विचारलं.

"मी घेतो की नाही हा प्रश्नच नाही. दुकान असावं."

मग नको असलेल्यांची पाळी आली. पक्ष्यांच्या दुकानात पोपट फार ओरडतात. शेजारच्या शिंप्याच्या मशीनची दुपारी खडखड होते. शिंपी तिथेच बसला होता, त्याने हात जोडले आणि म्हणाला, "दुपारी हाताने शिवीन." सगळे हसले आणि त्याचं भागलं. आपलं नाव निघालं तेव्हा मात्र जो तो आपल्या चपलांकडे बघू लागला. शेवटी निवृत्त इंजिनीअर घसा खाकरून म्हणाले, "वैयक्तिक काही नाही हं. पण सकाळी फिरायला बाहेर पडावं आणि पहिलं दर्शन कशाचं, तर काचेतल्या त्या कमोडच्या, भोकाच्या खुर्चीचं!"

गच्ची हसली. मागच्या रांगेत बसलेला तुझा दादाही हसला. तो हसला ना, तेच मला जास्त लागलं.

आणि मग अध्यक्षीणबाई बोलल्या. तू त्यांना ओळखत नाहीस, तू गेल्यावर राहायला आल्या. आपल्या दुकानाच्या अगदी समोर राहतात, गाणं शिकवतात, सगळे त्यांना गाण्याच्या बाईच म्हणतात. आवाज इतका गोड, की शिव्या दिल्या तरी माणूस मान डोलावेल. म्हणाल्या, "आपल्या गल्लीत पाऊल ठेवल्यावर प्रसन्न वाटलं पाहिजे. आजारपण काय, ज्याच्या त्याच्या घरात असतंच. दारात त्याची आठवण कशाला?" झालं, सगळ्या माना डोलल्या.

आता तुला म्हणून सांगते. या बाई दीडेक वर्षापूर्वी आमच्याकडे आल्या होत्या. शटर अर्धं ओढलेलं, त्या वाकून आत शिरल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्याला मुलीच्या गिटारची रिकामी गवसणी. त्यांच्या आईसाठी मोठ्यांचे डायपर आणि रबरी चादर हवी होती. सगळं त्या गवसणीत कोंबलं, चेन काही लागेना, मग मी गुडघा देऊन लावून दिली. बाई अशा निघाल्या, जणू मैफलीला चालल्या आहेत! पुढे दर आठवड्याला ती गवसणी येत होती. ती भोकाची खुर्चीसुद्धा आपल्याकडूनच गेली, कापडात गुंडाळून.

तुझ्या दादाला तू ओळखतेस. कुणाच्या घरी काय गेलं ते तो मलासुद्धा सांगत नाही. रस्त्यात गिऱ्हाईक भेटलं तर आधी आपण ओळख दाखवत नाही. मी काउंटरवर होते म्हणून मला दिसलं. हे तुला लिहिलं असं कळलं तर कच्ची खाईल मला. तेव्हा वाच, हस, आणि फाडून टाक.

तुझी
वहिनी

---

१९ जानेवारी

प्रिय वहिनी,

मी हसले नाही. अंगाचा तिळपापड झाला.

भोकाची खुर्ची म्हणे! त्या खुर्चीनेच आमच्या घराला जेवू घातलं. मी त्या दुकानात, विकायला ठेवलेल्या व्हीलचेअरमध्ये बसून पाढे पाठ केले. आणि शाळेत पोरी मला काय म्हणायच्या ते दादाला माहीत आहे. "लंगड्यांच्या दुकानातली." वाढदिवसाला घरी बोलावलं तर कुणी येत नसे, आया सांगायच्या की तिथे आजाऱ्यांच्या वस्तू असतात, हात लावू नका. तेव्हा बाबा गप्प. आता दादा गप्प. वर त्यांच्याबरोबर हसतो! वहिनी, त्याला सांग, आयुष्यात एकदा तरी आवाज चढव.

तुम्ही हातपाय जोडत बसू नका. गिऱ्हाइकांच्या सह्या गोळा करा. एवढ्या घरांत तुमचा माल गेला आहे, त्यातले अर्धे जरी उभे राहिले तरी त्या इंजिनीअरची बोलती बंद होईल.

आणि त्या गाण्याच्या बाई. लपूनछपून न्यायचं आणि गच्चीवर उभं राहून "प्रसन्न वाटलं पाहिजे" म्हणायचं. माणसं इतकी दुटप्पी असतात आणि त्यांना कुणी आरसा दाखवत नाही, म्हणून त्यांचं फावतं. मी रविवारच्या पुरवणीत गेली कित्येक वर्षं शहरांवर लिहिते, पदपथ काय अन् झाडं काय. एका गल्लीतून कोणाला घालवायचं हे कोण ठरवतं, यावर कधी लिहिलं नाही. माझ्या परीने मी काहीतरी करते आहे. काय ते आत्ता विचारू नकोस, कळेलच.

सभेच्या दिवशी दादाला पुढच्या रांगेत बसव.

तुझी
बारकी

---

२ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पोरी तुला तसं म्हणायच्या हे मला ठाऊकच नव्हतं. तुझा दादा कधी बोलला नाही. तो कशाबद्दल बोलतो म्हणा!

सह्यांचं सांगते. त्याला न विचारताच मी गेले. पहिल्याच घरी, आपण नुकताच वॉकर दिला त्या आजोबांच्या मुलाने चहा दिला, "तुमचं दुकान गेलं तर आमचे हाल होतील" म्हणाला, कागद हातात घेतला आणि तसाच परत दिला. "वहिनी, सही केली म्हणजे आमच्या घरी असा माणूस आहे हे लिहूनच दिल्यासारखं झालं की." दुसऱ्या घरी दार उघडणारीने कागद पाहूनच हळूच आत ओढून घेतलं, मला नाही, दाराला. मी घरी येऊन सांगितलं तर तुझा दादा म्हणाला, "गेलीसच कशाला? ते आपल्याकडे येतात ते कुणाला कळणार नाही म्हणून येतात." तो कागद त्याने दुमडून काउंटरच्या खणात टाकला.

पण आता खरी गोष्ट ऐक. शुक्रवारी भर दुपारी गाण्याच्या बाई दुकानात आल्या. काळा चष्मा नाही, गवसणी नाही. मी मनात म्हटलं, आता हिला चांगली सुनावते. त्या स्टुलावर बसल्या आणि पहिलं वाक्य काय, तर "मी वाईट बाई नाही हो."

मग बोलत राहिल्या. त्यांच्या आई मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. कडक इस्त्रीची साडी, केसांची एक बट इकडची तिकडे नाही. घरच्या लोकांनीसुद्धा त्यांना मोकळ्या केसांनी पाहिलेलं नव्हतं. आजारपणात सगळं हाताबाहेर गेलं, तेव्हा त्यांनी लेकीकडून वचन घेतलं, की हे या खोलीबाहेर कुणाला कळता कामा नये. सख्ख्या भावालाही बाईंनी सांगितलं नाही. सगळं एकटीने केलं, दारं लावून. शिकवणीच्या मुलींना वरचे सूर लावायला सांगायच्या, म्हणजे आतला आवाज बाहेर येत नसे.

"आई त्या खुर्चीवरच गेली," बाई म्हणाल्या. "आणि सकाळी मी गॅलरीचं दार उघडलं, की समोर तुमच्या काचेत तीच खुर्ची. रोज. माझं दुकानाशी काही वाकडं नाही हो. मला ती खुर्ची बघवत नाही."

तुझा दादा उठला, काचेतली खुर्ची उचलून मागच्या खोलीत ठेवून आला, आणि तिच्या जागी काठ्यांचा स्टँड आणून लावला. वेताच्या, लाकडी, चांदीच्या मुठीची ती एक. बाई बघत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. मी पाणी दिलं. बारके, मी त्यांना काय काय सुनावणार होते, त्यातलं काही आठवेना.

जाताना म्हणाल्या, "सभेत मी तुमच्या बाजूने बोलते. माझं ऐकतात लोक." आणि दारात थांबून म्हणाल्या, "तुम्ही दोघं कधी कुणाजवळ बोलला नाहीत, हे मी विसरलेले नाही."

तुला लिहिलेलं ते गवसणीचं आठवलं. पण म्हटलं, बारकी काय परकी आहे?

तू जे काही करते आहेस ते आता राहू दे, गरज उरलेली नाही. आणि ते पत्र फाडलंस ना? एका ओळीत कळव.

आज कितीतरी दिवसांनी तुझा दादा शीळ घालत शटर ओढत होता. मला वाटतं, निभावलं.

तुझी
वहिनी

---

५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

येत्या रविवारची पुरवणी बघायला विसरू नकोस. पहिल्या पानावर, खाली. दादाला आधी सांगू नकोस, त्याने स्वतःच उघडून वाचू दे. तुला मात्र राहवणार नाही म्हणून छपाईआधीची प्रत सोबत पाठवते. संपादक म्हणाले, इतकं धारदार मी आजवर लिहिलं नव्हतं.

नाव कुणाचंच घातलेलं नाही. गाव नाही, गल्ली नाही, दुकान नाही. हा तुकडा बघ:

"सुरांची शिकवणी घेणाऱ्या या विदुषी संध्याकाळी काळा चष्मा लावून अर्ध्या शटरखालून आत वाकतात. लेकीच्या गिटारच्या गवसणीत आईचे डायपर भरून नेतात आणि वस्तीच्या सभेत प्रसन्नतेवर व्याख्यान देतात. म्हातारपण आपल्याला घरात चालतं, दुकानाच्या काचेत चालत नाही. आईच्या चादरी बदलणाऱ्या हातानेच त्या चादरी देणाऱ्याला गल्लीबाहेर ढकलायचं, याला आपण सुरुची म्हणतो."

ज्याला झोंबायचं त्याला झोंबेल. आता बघू सभेत कोण तोंड उघडतं ते.

सह्यांचं काय झालं? काहीच कळवलं नाहीस. मला इथे चैन पडत नाही.

तुझी
बारकी

---

१० फेब्रुवारी

वहिनी,

तुझं दोन तारखेचं पत्र काल हातात पडलं. रविवार होऊन गेल्यावर.

कालपासून फोन करते आहे. सकाळी दादाने उचलला. "वहिनी कामात आहे" म्हणाला. मी म्हटलं, दादा, ऐक तरी. तर म्हणाला, "दुकानात माणसं आहेत," आणि ठेवला. मागे काहीच आवाज नव्हता. दुकानात कुणी नव्हतं, वहिनी.

मला माहीत नव्हतं. शप्पथ, मला माहीत नव्हतं. तू गंमत म्हणून लिहिलं होतंस, त्यात आईचं असं काही असेल हे माझ्या मनातही आलं नाही. मला फक्त ती गच्ची दिसत होती, आणि हसणारा दादा.

काय झालं ते लिही. शिव्या दे, पण लिही.

बारकी

---

३ मार्च

प्रिय बारके,

लिहायला बसायचे आणि उठायचे, असं कितीदा झालं. आज तो माल परत द्यायला गेला आहे. म्हणून लिहिते.

रविवारी सकाळी पेपर त्यानेच उघडला. मी भाजी निवडत होते. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही, म्हणून वर पाहिलं. त्याने पेपर माझ्यासमोर ठेवला, तुझ्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "गवसणीचं हिला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "मी."

बस्स. त्यानंतर तो चप्पल घालून दुकानात गेला. रविवार होता, दुकान बंद असतं.

तुझं पाच तारखेचं पत्र रविवार उलटल्यावर मिळालं. नाव घातलं नाहीस म्हणतेस. अगं, या वस्तीत गाणं शिकवणारी, मुलगी गिटार वाजवणारी आणि आई गेलेली बाई अशी कितीजणी असणार? दुपारपर्यंत सगळ्या जिन्यांत तेच. काहीजण हसले, पण बहुतेकांना धसका बसला. बाईंची खिडकी त्या दिवसापासून बंद आहे. शिकवणीच्या मुली येतात, घंटी वाजवतात, परत जातात. त्यांच्या भावाचा फोन आला म्हणे, की आईचं हे मला पेपरातून कळावं का? त्याने बहिणीशी बोलणं टाकलं आहे.

मंगळवारी ते आजोबांचे चिरंजीव वॉकर परत घेऊन आले. नवाकोरा. तुझ्या दादाने विचारलं, "काही बिघडलं का?" तर ते म्हणाले, "वॉकर चांगला आहे. आमचंही कुठे छापून येणार आहे का, तेवढं सांगा." मग एकेकजण यायचं बंद झालं. रस्त्यात ओळख न दाखवणारा तुझा दादा, आता त्याला बघून लोक रस्ता बदलतात.

मी त्याला म्हटलं, सगळ्यांना सांग ना, की मी बोलले, तू नाही. तो म्हणाला, "दुकान एकच आहे." लोकांना वाटतं तोच बोलला, घरचीच बहीण पेपरात म्हणून. त्याने तसं वाटू दिलं.

सभेचं आता काय सांगू. बाई आल्या होत्या. अध्यक्षांच्या खुर्चीत बसल्या नाहीत, कडेला बसल्या. आपला विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता चार शब्द तोंडावर मारतील तर बरं होईल. त्या म्हणाल्या, "मला काही बोलायचं नाही," आणि बसल्या. आवाज ओळखू येईना, इतका घोगरा.

मग इंजिनीअर उठले. या वेळी ते गंमत करत नव्हते. म्हणाले, "दुकान दिसतं कसं, यावर आपण भांडत होतो. ते राहू द्या. हे दुकान बोलतं. आपल्यापैकी उद्या कुणावरही वेळ येईल, आणि दारातच बोलणारं दुकान असेल, तर जायचं कुठे?"

बारके, मला उभं राहून ओरडायचं होतं, की बोलले ती मी, पण मी बसूनच राहिले. तुझा दादा मात्र उभा राहिला. म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." एवढंच. आणि ज्यांना हे दुकान नको त्यांनी हात वर करावा असं म्हटल्यावर सगळ्यांत आधी जो हात वर गेला, तो त्याचा होता. मग बाकीचे गेले. मोजायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या दाराशी गेले. साखळी न काढताच त्यांनी दार उघडलं. मी सांगितलं, की यांचा काही दोष नाही, मी नणंदेला लिहिलं, गंमत म्हणून लिहिलं. गंमत हा शब्द तोंडातून गेला आणि मला वाटलं जीभ झडली तर बरं. त्या म्हणाल्या, "तुम्ही बोललात की ते बोलले, मला काय त्याचं? आईला शब्द मी दिला होता." आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

तुझ्यावर खूप रागवायचं ठरवून बसले होते. जमत नाही. तू तुझ्या भावासाठी लढलीस. गवसणीला गुडघा मी दिला, त्याची गंमत मला वाटली, तुला लिहितानाही मी एकटीच हसत होते. मला गोष्ट रंगवून सांगायची हौस. माहेरी सगळे म्हणायचे, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मला ते कौतुक वाटायचं.

महिनाअखेर गाळा रिकामा करायचा आहे. आता मी लिहिणार नाही असं वाटतं. काय लिहिणार?

वहिनी

---

१२ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले.

मी संपादकांकडे गेले. म्हटलं, खुलासा छापायचा आहे, माफी छापायची आहे. ते म्हणाले, "कोणाची? तुम्ही नावच घातलेलं नाही. आता खुलासा केलात तर ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळेल." बरोबर आहे त्यांचं. त्या बाईंना मी पत्र लिहिलं. ते न उघडता परत आलं.

आणि ऐक, लोकांची पत्रं येत आहेत. ढोंगाचा बुरखा फाडलात, असंच लिहा, थांबू नका. पुरवणीला कधी आली नाहीत इतकी. माझ्या टेबलावर ढीग आहे. मी एकही पूर्ण वाचू शकत नाही.

तुम्ही दोघं इकडे या. माझं घर लहान आहे, पण होईल. दादाला इथे काम मिळेल. मी शोधते. तू नुसती हो म्हण.

तू लिहिणार नाहीस असं म्हणू नकोस गं. मी घर सोडून इतक्या लांब आले, मला तिकडचं जे काही दिसायचं ते तुझ्या डोळ्यांनी. शिंपी काय म्हणाला, पोपट कसे ओरडले, ते मला दुसरं कोण सांगणार?

बारकी

---

२० एप्रिल

प्रिय वहिनी,

हे तिसरं पत्र. मधलं एक पोचलं की नाही कोण जाणे. घराच्या पत्त्यावर पाठवते, कारण दुकानाचा पत्ता आता राहिला नसेल.

फोन केला की दादा उचलतो. "बरी आहे." "झोपली आहे." "बाहेर गेली आहे." एकदा मला तुझ्या बांगड्यांचा आवाज आला, अगदी फोनजवळ. मी म्हटलं, दादा, ती तिथेच आहे ना? तो म्हणाला, "हो."

दोन ओळी लिही. हवामान लिही. काहीही लिही.

बारकी

---

१५ जून

बारके,

मला पत्रं लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे. चुकलंमाकलं सांभाळून घे.

तुझी सगळी पत्रं पोचली. तुझी वहिनी ती उघडत नाही. मीच उघडली, नाहीतर तशीच पडून राहिली असती.

मला काम लागलं आहे. मोठ्या रुग्णालयाच्या कोठारात आहे. पलंग, खुर्च्या, स्टँड उतरवून घ्यायचे, हवे तिथे पाठवायचे. कुणाकडे जातात ते कळत नाही. लांब पडतं, दोन बस बदलाव्या लागतात. जमतं. तू इकडची काळजी करू नकोस, आणि आम्ही तिकडे यायचं म्हणू नकोस. ती हे घर सोडून निघणार नाही.

ओळ नवी उभी राहते आहे. चांगली बांधत आहेत. आपल्या गाळ्यात सुगंधी मेणबत्त्यांचं दुकान येणार आहे. शिंपी राहिला. पक्षीवाला गेला. गाण्याच्या बाईंनी घर विकलं आणि गेल्या. कुठे गेल्या ते कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

मी ओरडत नाही म्हणून, आवाज चढव असं तू म्हणायचीस. तुझ्यावर मी रागावलेलो नाही. शाळेत तुला काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं. तेव्हा मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं की काय, ते आता ठरवता येत नाही. तिच्यावरही मी रागावलेलो नाही. तिला तसं सांगितलं. ती मान हलवते.

पण ती बोलायची बंद झाली आहे. एकदम नाही झाली. आधी शेजारणींशी बंद झाली, मग भाजीवाल्याशी. आता वाण्याकडे जाऊन बोटाने दाखवते. मला वाटलं, मनाला लागलं आहे, भरून येईल. मग एक दिवस लक्षात आलं, ती बोलायला तोंड उघडते, मग थांबते, आत काहीतरी तपासते, आणि तोंड मिटून घेते. दर वेळी. साधं "पाऊस येईलसं वाटतं" म्हणायचं असलं तरी.

तुला तिची बडबड ठाऊक आहे. लग्न होऊन आली तेव्हा बाबा म्हणायचे, घरात रेडिओ आणायची गरज उरली नाही. मी मुका माणूस, मला तिच्यामुळे या वस्तीत काय चाललंय ते कळायचं. लोकांचं मी आयुष्यभर पोटात ठेवलं, त्याचा मला गर्व होता. ते मला जमायचं, कारण घरी आलो की ती बोलायची.

गेल्या रविवारी मी मुद्दाम एक गोष्ट सांगितली. कोठारात एक माणूस आहे, तो पलंगाच्या चाकांना तेल घालताना त्यांच्याशी गप्पा मारतो, कुरकुर करू नको बाळा असं म्हणतो. मी नक्कल करून दाखवली. मला नक्कल येत नाही, पण केली. ती ऐकत होती. तोंडावर हसू येतंय असं वाटलं. मग तिने विचारलं, "त्याला माहीत आहे का, तू हे मला सांगतोयस?"

मी म्हटलं, नाही.

ती उठली आणि तिने खिडकी लावून घेतली. मग दुसरी लावली. मग माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. हलकेच. बराच वेळ ठेवला होता.

हे तिचं मी तुला लिहिलं, ते तू तिची आहेस म्हणून. यापुढे लिहिणार नाही. फोन कर. मी उचलीन.

तुझा
दादा